एका ओळीएवढी जागा

जागृतीने फोन मसाल्याच्या बरणीला टेकवून लाइव्ह सुरू केलं आणि सरळच विचारलं, आईच्या आवाजाचं मी काय करू ते आता तुम्हीच सांगा.

उत्तरं धो धो आली. एकाने सुक्या जवळ्याची रेसिपी मागितली. एकीला तिच्या नथीचं दुकान हवं होतं. एकाने ताईंचं लग्न ठरलंय का म्हणून विचारलं, तर बाकीच्या बायकांनीच त्याला पळता भुई थोडी केली. मागून भाऊ प्रज्योत म्हणाला, लोकांना मसाला हवाय तर मसाला वीक. गाणी काय, सगळेच फुकट ऐकतात.

जागृतीला मसाला विकायचा नव्हता. तिची आई सगुणा धवलारीण होती. पेणच्या खाडीकडच्या गावांत लग्न ठरलं की लोक आधी तिच्या दारात यायचे, मग मांडववाल्याच्या. उंबराची फांदी आणण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीची गाणी, म्हणजे धवले, तीच गायची. यंदाच्या लग्नसराईत मात्र आई नव्हती. ओटी रिकामी राहिली. कुणाचं बोलावणं आलं नाही, येणार तरी कसं? आईचा आवाज पुन्हा मांडवात गेला पाहिजे, एवढंच जागृतीच्या मनात होतं.

आवाज होता. शेवटच्या पावसाळ्यात आईने ओटीवर बसून सगळे धवले फोनमध्ये गायले होते. छातीचं दुखणं तोवर बळावलं होतं. एक ओळ म्हणायची आणि गप्प व्हायची. पुढची ओळ, पुन्हा गप्प. जागृती फोन धरून तिच्या गळ्याच्या शिरांकडे बघत बसायची. आई गेल्यावर तिने त्या रिकाम्या जागा एकेक करून कापून टाकल्या. आईला लागलेला दम परक्यांनी का ऐकावा? आवाज सलग झाला, खणखणीत झाला. त्याचा संच करून तिने पेजवर ठेवला आणि विकण्याआधी मागेल तिला वापरून बघायला दिला. पुष्कळ जणींचे डोळे भरून आले. तसं त्यांनी लिहिलंही. पण हळदीला तो कुणीच लावला नाही. जिथे तिथे डीजेच वाजला.

म्हणून आजचं लाइव्ह. माझ्याशी गोड बोलू नका, का लावला नाहीत ते सांगा, असं तिने पुन्हा एकदा विचारलं. गोड बोलणं थांबेना. शेवटी कामोठ्याची दिशा बोलायला आली. रविवारी तिच्या भावाची हळद होती, सोसायटीच्या गच्चीवर. धवलारीण शोधून शोधून मिळाली नव्हती, म्हणून तिने घरातल्या बायकांना जमवून या संचावर सराव केला होता. दुसऱ्याच ओळीला सगळ्या अडखळल्या आणि हसत सुटल्या.

"ताई, राग नको मानू," दिशा म्हणाली, "पन तुजी आय थांबतच नाय गो. आमी कवा म्हनायचं?"

धवलारणीने एक ओळ म्हणायची, बायकांनी ती उचलून परत म्हणायची, मगच धवलारणीने पुढे जायचं. परकर नेसायच्या वयापासून जागृतीने मांडवात बसून ती ओळ उचलली होती. ओटीवर, एकट्या आजारी बाईसमोर, तेवढंच तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

तिने मूळ रेकॉर्डिंग शोधून काढलं. नशीब, पुसलं नव्हतं. पयली हलद गो घरच्या देवाला, आईने म्हटलं आणि ती थांबली. त्या शांततेत जागृतीने हलक्या आवाजात तीच ओळ म्हटली. तिचा शेवटचा शब्द संपला आणि आईने पुढची ओळ धरली. पुन्हा तसंच. लांब ओळीनंतर थांबा लांब, आखूड ओळीनंतर आखूड. जागृतीचा आवाज हळूहळू मोकळा झाला. प्रज्योत जेवता जेवता ताटावरून उठून आला आणि खरकट्या हाताने, बेसूर का होईना, तोही म्हणू लागला. हळदीचा धवला संपेपर्यंत दोघांच्या लक्षात आलं होतं की यातला एकही थांबा दम लागल्याचा नव्हता.

तिने सगळ्या जागा होत्या तिथे परत ठेवल्या आणि नवा संच आधी दिशाला पाठवला.

रविवारी दिशाने गच्चीवरून व्हिडिओ कॉल लावला. नवरदेव पाटावर पिवळाधमक झाला होता. डीजेवाला हाताची घडी घालून बसला होता. स्पीकरमधून आईने ओळ टाकली, आणि बायकांनी ती अशी उचलली की खालच्या मजल्यावरचे लोक खिडक्यांतून डोकावले. आई त्यांचं संपेपर्यंत थांबली आणि मग पुढे गेली. पोरी हसत होत्या, पण आता एकीचीही ओळ चुकत नव्हती.

तेवढ्यात कुणीतरी दिशाच्या हातातून फोन काढून घेतला. पडद्यावर नुसतं हळदीने माखलेलं कपाळ दिसू लागलं. ही दिशाची आजी, ठमाबाई. तिने आधी जागृतीचं गाव विचारलं, मग आळी विचारली, मग कुणाची कोण ते विचारलं. सगळं मनासारखं जुळल्यावर मुद्द्याला आली.

"तुजी आय फोनवरशी म्हनते, पन ध्यान हाय बाईचं आमच्याकरं," ती म्हणाली. "आमचं सरल्याबिगर फुडं जात नाय. फुडल्या महिन्यात माजे धाकटे नातीची हलद हाय. येल काय ती?"

मागे दिशा आजीचा हात ओढत होती, तिच्या कानाशी काहीतरी सांगू बघत होती. जागृतीने मान हलवून तिला नको म्हटलं.

"येईल ना आजी," ती म्हणाली. "तारीख सांगा."