ग्रहणाचा फोटो

गच्चीवरच्या वाऱ्यात कॅमेऱ्याचा स्टँड थरथरत होता. अच्युतरावांनी पुन्हा बटण दाबलं. तांबूस चंद्राचा पुन्हा हललेला ठिपकाच आला.

अंथरुणाला खिळलेल्या बायकोला ग्रहणाचा फोटो आणून दाखवायचं त्यांनी कबूल केलं होतं. पुढच्या ग्रहणापर्यंत ती असेल, असं डॉक्टरही म्हणत नव्हते. त्यांनी सेटिंग बदललं, तर फोटो काळाकुट्ट आला. मग ढगच आले.

"एकही धड आला नाही गं," खाली येऊन ते म्हणाले.

"मला खिडकीतून दिसला की, लालभडक!" ती म्हणाली. "तुम्हाला किती हाका मारल्या. दोघांनी मिळून बघायचा होता मला."

तिचा हात धरून ते ढग सरायची वाट बघत बसले. ढग सरले तेव्हा ग्रहण सुटलं होतं आणि तिला झोप लागली होती.