जाऊबाईचे गुडघे

गांधीबागेत मारबतीची मिरवणूक पोहोचायच्या आधीच भांडण पेटलं होतं. निमित्त बडग्याचं. पोरांनी बांबू-कागदाच्या त्या पुतळ्याला यंदा मंत्र्याचं जाकीट चढवलं होतं आणि गळ्यात पाटी अडकवली होती : 'सत्तरीच्या आत आजारी पडू नका.'

सत्तरी गाठली की सरकारी कार्डावर फुकट उपचार. ही अट साठीवर आणा म्हणून वर्षभर ओरड चालली होती, आणि सरकारनं परवाच साफ नाही म्हटलं होतं.

"सरकार का पैसे छापून राहिलं?" कापडवाले ओमप्रकाश आपल्या दुकानाच्या पायरीवरून म्हणाले. "आज साठीवाल्याइले दिलं, का उद्या चाळिशीवाले येतीन."

"येऊ द्या नं काका! बिमारी का आधार कार्ड पाहून येते?" हिंगण्याच्या कंपनीतून सुट्टी टाकून आलेला अंकित तावातावानं म्हणाला. त्याची आई जिजाबाई बाजूलाच प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. वय चौसष्ट, दोन्ही गुडघे कामातून गेलेले.

तिचं लक्ष मात्र ना बडग्याकडे, ना भांडणाकडे. ती बघत होती आपल्या मोठ्या जावेकडे. रुखमाबाई बाहत्तरची. गेल्या साली कार्डावर दोन्ही गुडघे नवे बसवून आली, आणि आता बघा तिचा थाट! मघापासून उभीच. टाचा उंचावून पाहते काय, गर्दीत पुढं जाते काय, लगेच मागं येते काय. जिजाबाईच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. हीच बाई लंगडत होती तेव्हा घरात जिजाबाईचा तोरा होता. आता रुखमाबाई गच्चीवर जाऊन वड्या घालायची आणि जिजाबाई खाली बसून डाळ निवडायची.

"जिजा, तू बस वं," रुखमाबाई मागं वळून म्हणाली. "मारबत आली का सांगीन तुले."

बस म्हणे! जिजाबाईला ते मिरचीसारखं झोंबलं.

तेवढ्यात ढोल कडाडले आणि वळणावर पिवळ्या मारबतीचा उंच पुतळा दिसला. चौकात एकच गलका उठला. ज्याला जे नको ते ओरडून तिच्या हवाली करायचं. वर्षाची पीडा घेऊन ती गावाबाहेर जळायला जाते.

"खोकला-ताप घेऊन जा गे मारबत!"

"मच्छर घेऊन जा गे मारबत!"

"आमच्या जाऊबाईचे गुडघे घेऊन जा गे मारबत!"

हा आवाज जिजाबाईचा होता. क्षणभर कोणाला उमजलं नाही, मग असा हशा फुटला की विचारू नका. पोरांना तर खेळच मिळाला. तेच ओरडत पोरं नाचायला लागली.

"काहून असं बोलते वं माय?" अंकितला कुठं तोंड लपवावं कळेना.

"बोलीन! तिले भेटते तं मले काहून नाही? माये गुडघे का गुडघे नोहेत?" जिजाबाईला रडूच फुटलं. "मले नसन, तं कोणालेच नको!"

"पाहा," ओमप्रकाश खूश झाले. "आता लोकच म्हणून राहिले, बंद करा."

रुखमाबाईचा चेहरा उतरला होता. तिनं पदर खोचला, रस्त्यावर उतरली आणि धक्के खात थेट मारबतीपुढं जाऊन उभी राहिली. हात जोडून ढोलांच्या वर ओरडली,

"आमच्या जिजाचे सहा वर्सं घेऊन जा गे मारबत!"

पोरांचा नाच थांबला.

"बापा! शाप देऊन राहिली का हे बाई?" ओमप्रकाश पुटपुटले. अंकितही भेदरून आपल्या मोठ्या आईकडे, रुखमाबाईकडे बघू लागला.

जिजाबाईनं मात्र डोळे पुसले. चौसष्ट आणि सहा, सत्तर. ती खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देत, ओठ आवळत, कशीबशी उभी राहिली. तिथूनच जावेच्या आवाजात आवाज मिसळून ओरडली,

"आजच घेऊन जा गे मारबत!"