वेफर्सचा पुडा

ज्युनिअर कॉलेजचे उर्दूचे सर केळीच्या वेफर्सचा पुडा घेऊन घरी आले, तेव्हाच हनीफला संशय आला. त्याच्या लेकीला, सबीहाला, नर्स होऊन जर्मनीला जायचं होतं, म्हणून ती अकरावीला उर्दू सोडून जर्मन घेणार होती. "दहावीपर्यंत शिकलेली भाषा सोडू नका, हनीफभाई," सर म्हणाले. हनीफने पुड्याला हात लावला नाही. मुलं मिळाली नाहीत की वर्ग बंद होतो आणि सरांची नोकरी जाते, हे सगळ्या मेहरूण वस्तीला ठाऊक होतं. "माझ्या पोरीच्या जिवावर तुमची खुर्ची टिकवायची का? तुमची मुलगीही यंदाच अकरावीला गेली ना? तिला कोणती भाषा दिलीत?" "उर्दूच. आठवडाभर वर्गात एकटीच बसतेय." हनीफला हीसुद्धा चाल वाटली. सबीहाने मात्र पुडा फोडून वेफर्स बशीत काढले, सरांपुढे ठेवले. "सर," तिने विचारलं, "ती कोणत्या बाकावर बसते?"