तळाशी लिहिलेलं

दोन वर्षं ऑनलाइन शिकून मी काउन्सेलिंगची डिग्री घेतली आणि इथे अमेरिकेत, आमच्या इलिनॉय राज्याच्या बोर्डाने लायसन्स नाकारलं. कॉलेज दुसऱ्या राज्यातलं, त्यामुळे ही डिग्री इथे चालत नाही म्हणे. कॉलेजच्या नियमाप्रमाणे तक्रार आधी आपल्या अ‍ॅडमिशन ऑफिसरकडेच करायची. माझे ऑफिसर म्हणजे आमच्या महाराष्ट्र मंडळातले मोरेश्वरकाका. माझा फॉर्म त्यांनीच भरला होता, आमच्या घरी बसून, दोनदा पोहे हाणत.

फोनवर काका म्हणाले, "अगं, वेबसाइटवर तळाशी स्पष्ट लिहिलंय, इलिनॉयमध्ये लायसन्स मिळणार नाही. शिकलेली मुलगी तू, वाचायला नको?"

"तुम्ही वाचलं होतंत, काका?"

"म्हणजे काय! वाचलं म्हणून तर आमच्या अनयाला इथल्या कॉलेजात घातलं."