झाड कुणाचं

अबकारीच्या जमादारानं गोठ्यामागचं गांजाचं झाड मुळासकट उपटलं आणि अंगणात आणून टाकलं. चांगलं पुरुषभर उंच. मुळांची माती सारवणावर विखुरली.

"कुणी लावलं हे?"

"मी," रुक्मा म्हणाली. दुधीचा वेल कुणी लावला असं विचारल्यासारखी.

केशरनं ओसरीकडे पाहिलं. झिलू गुडघ्यांवर हात रोवून, खांद्यांत मान घालून बसला होता. पहाटेपासून त्याची छाती वाजत होती. तो रुक्माकडे बघत होता. थोरल्या बायकोकडे तो असाच बघायचा. धाकटीकडे, केशरकडे बघताना त्याला कायम दुसरं काहीतरी आठवायचं.

"सुप्याला ठेक्याचं दुकान आहे ना?" जमादार म्हणाला. "तिथं सरकारी गांजा मिळतो. परसात लावला की गुन्हा."

"ठेक्यातला शिळा असतोय, सायेब. त्येनं ह्यांची छाती सुटत न्हाई."

'ह्यांची.' केशरला ते टोचलं.

झाडाचं सगळं रुक्माच करायची. नर रोपं फुलायच्या आत ओळखून काढायची, मादीचे शेंडे सावलीत वाळवायची. उबळ आली की चिमूटभर निखाऱ्यावर टाकून झिलूच्या तोंडाशी धरायची. त्या वेळी दार आतून लावून घ्यायची. धूर बाहेर जातो, म्हणायची. केशर दाराबाहेर बसून ऐकायची: आधी धाप, मग खोकला, मग बराच वेळ दोघांचं हळू बोलणं.

म्हणून तर तिनं भावाकरवी बेळगावहून दम्याच्या सिगारेटींचा डबा मागवला होता. झिलूनं एक ओढली, "ह्यात काय दम न्हाई" म्हणाला, आणि डबा कोनाड्यात गेला.

जमादाराला तो डबा दिसला. झाकण काढून त्यानं हुंगला, वरची चिठ्ठी वाचली आणि सोबतच्या शिपायाला दाखवली.

"यातही गांजाच आहे. पण विलायतेहून आलेला, त्यामुळे हा चालतो."

शिपाई हसला. केशर हसली नाही. म्हणजे औषध तेच होतं. तिच्या हातून घेताना तेवढं ते लागू पडलं नव्हतं.

"चल बाई," जमादार रुक्माला म्हणाला. "सुप्यापर्यंत चालायचंय."

रुक्मानं पदर खोचला. झिलू उठायला गेला, त्याला उठवेना, आणि त्याचे डोळे भरून आले. केशरनं ते पाहिलं. आता ही त्याच्यासाठी कोठडीत जाणार. सगळं गुंद गाव तिचं नाव घेणार. आणि हा रोज वाटेकडे डोळे लावून बसणार.

"झाड माजं हाय," केशर म्हणाली.

जमादार वळला. "आता हे काय?"

"गुन्ह्यासाठी भांडणाऱ्या सवती," शिपाई म्हणाला. "पयल्यांदाच बघतोय."

"गप ग केशर," रुक्मा म्हणाली. "तुला त्यातलं काय कळतंय?"

"मला काय कळतंय त्ये तू कशाला सांगतीस, अक्का?"

"मला एकीलाच न्यायचंय," जमादार वैतागला. तो ओसरीपाशी गेला. "घरधनी तू ना? तूच सांग. झाड कुणाचं?"

केशर झिलूकडे बघत राहिली. तो थोरलीचं नाव घेणार नाही, हे तिला माहीत होतं. केशरचंही घेणार नाही. झाड माझंच म्हणेल, असं तिला वाटलं. कुठल्याही पुरुषानं तेच म्हटलं असतं.

झिलूनं दोघींकडे पाहिलं. श्वास घेतला, तो अर्ध्यातच अडकला. पुन्हा घेतला.

"केशरचं."

रुक्मानं मान खाली घातली. अंगणात त्याच्या छातीची शिट्टी तेवढी ऐकू येत होती.

जमादाराला काही खटकलं असावं. ओसरीची पायरी चढून तो झिलूसमोर वाकला. "नीट सांग. हिचं, की..."

"नगा इचारू," केशर म्हणाली. ती आधीच अंगण उतरून वाटेला लागली होती. "बोलायला लावलं की त्यास्नी धाप लागतीय."