नितळ

केतकीच्या गालावरची बुरशी चौथ्या दिवशी डोळ्यापर्यंत पोचली. मुरुमांची लस तिच्या पिढीला शाळेतच मिळाली होती. चेहरे नितळ झाले, पण मुरुमांच्या जंतूंबरोबर बुरशीला अडवणारी राखणही गेली, हे आता कळत होतं.

“लस न घेतलेलं कोणी आहे घरात?” डॉक्टर मुजावरांनी विचारलं. “त्यांच्या त्वचेवरचे जंतू हिला लावून बघू.”

सगळ्यांनी सुलभाआत्याकडे पाहिलं. गालांवरच्या खड्ड्यांपायी प्रत्येक फोटोत मागे उभी राहणारी आत्या लगबगीनं पुढे आली.

“हवे तेवढे घ्या.”

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिला बाजूला घेतलं. “मुरुमांचा एकही जंतू सापडला नाही. चेहऱ्यासाठी कधी इंजेक्शन घेतलं होतंत?”

“पार्लरमध्ये,” आत्या म्हणाली. “ केतकीच घेऊन गेली होती. म्हणाली, माझ्या लग्नात तू माझ्या शेजारी उभं राहायचंस. त्यात लस होती?”

डॉक्टरांनी मान खाली घातली.

आत्या आत गेली. केतकीनं उरलेला डोळा उघडला. “आत्या, सापडले?”

“सापडले गं,” आत्या म्हणाली आणि तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली.