न उलटणारी नाव

आयुष्याच्या शेवटच्या दिवशी शाल्मलीचे बाबा कुंडलिका नदीच्या उसळत्या लाटेवर कयाकसकट, म्हणजे आपल्या चिंचोळ्या नावेसकट, कोलांटी मारायला गेले आणि पालथे पडले. वर येताच त्यांनी काठावरच्या मुलीला विचारलं, “किती गुण?”

“शून्य. पाणी प्यायला गुण नसतात, बाबा.”

“खडूस परीक्षक!” ते खोकत हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत.

वर्षभराने त्याच लाटेवर ते कयाक-कोलांट्यांच्या स्पर्धेत प्राथमिक फेरीत पहिले आले. त्यांच्या सरावाच्या पोशाखाने टिपलेल्या हालचाली एका यांत्रिक धडात भरून ते धड त्यांच्या कयाकमध्ये बसवलं होतं. दिवंगतांच्या गटात सगळे असेच होते, गुळगुळीत आणि न दमणारे. प्रेक्षक गहिवरले होते. त्यांना गहिवरायला काहीही पुरत असे.

“डावा खांदा दुखायचा ना त्यांचा? तो दोष आम्ही काढून टाकला, ताई,” आयोजक पाटणकर कौतुकाने म्हणाले. “आता उलटतच नाहीत! अंतिम फेरीसाठी वारस म्हणून तुमचा होकार हवा. माइकवरच सांगा, लोकांना बरं वाटेल.”

लाटेवर ते धड आणखी एक निर्दोष कोलांटी मारून सरळ झालं. टाळ्या थांबेपर्यंत शाल्मली माइक धरून उभी राहिली.

“माझा होकार नाही. हे बाहेर काढा.” मग ती नदीकडे वळली. “बाबा, तुम्ही उलटलात की वर येईपर्यंत माझा श्वास अडकायचा. दर वेळी. याच्यासाठी एकदाही अडकला नाही.”